पाच फुल्या, एक धुराडं आणि आमची मराठी मिस्सा

पानवेल_वसई | ३ मे २०२५
काल धूप_आणि_घंटा यांनी इथे पाच कार्डिनलांचे फोटो टाकले, प्रत्येकावर लाल फुली, आणि खाली लिहिलं की यातला एक जरी पोप झाला तरी चर्च बुडालं म्हणून समजा. टागले, झुप्पी, पारोलिन, ओलेरिश, ग्रेक. सोडून द्यावं म्हटलं पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून आता लांबलचक लिहितो, सहन करा. पोप फ्रान्सिसना जाऊन पंधरा दिवस नाही झाले आणि तुमचं फुल्या मारणं सुरू पण झालं? टागलेंचा गुन्हा काय, तर कुठेतरी माईक धरून गाणं म्हटलं, त्याचा व्हिडिओ फिरवताय. झुप्पींनी समलिंगी लोकांवरच्या एका पुस्तकाच्या इटालियन आवृत्तीला प्रस्तावना लिहिली म्हणून ते पाखंडी, पण त्याच झुप्पींनी २०२२ मध्ये रोमच्या पँथिऑनमध्ये जुन्या विधीनुसार लॅटिनमध्ये संध्याकाळची प्रार्थना केली ते तुमच्या चित्रात का नाही?
आणि तुमचे लाडके पोप दहावे पायस. १९०३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये (पोप निवडायला कार्डिनल बंद दाराआड बसतात ती सभा) कार्डिनल रामपोला पुढे होते, ऑस्ट्रियाच्या सम्राटाने एका कार्डिनलामार्फत नकाराधिकार वापरला, आणि मग पायस निवडून आले. म्हणजे परंपरेचा हिरो आला कसा, तर राजाच्या चिठ्ठीने! पुढे त्यांनीच तो नकाराधिकार बंद केला हा भाग वेगळा.

धूप_आणि_घंटा | ३ मे
काका, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितो. गाण्याचं सोडा, ते चित्र फॉरवर्ड होतं, फुल्या मी मारलेल्या नाहीत. पण मुद्दा गाण्याचा नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येईल असा कागद रोमहून निघाला आणि महिनाभरात आफ्रिकेच्या बिशपांनी, कार्डिनल आंबोंगोंच्या सहीने, आम्ही हे करणार नाही म्हणून कळवलं. आता आफ्रिकेतली चर्चं भरलेली आहेत आणि युरोपातली विकायला काढलीयत, मग कोणाचं ऐकायचं? पारोलिनांनी २०१८ मध्ये चीनशी बिशप नेमण्याचा करार केला, त्यावर हाँगकाँगचे म्हातारे कार्डिनल झेन अक्षरशः रडकुंडीला आले, त्यांना पुढे अटक झाली. हे सगळं "प्रेमळ पुरोगामी" म्हणून खपवायचं? पोप हा चर्चचा मालक नाही हो, राखणदार आहे. वाडी सांभाळायला दिलीय, प्लॉट पाडायला नाही.

पानवेल_वसई | ३ मे
प्लॉट पाडण्याचं वसईकराला सांगू नकोस बाळा, जखमेवर मीठ आहे ते.

तटस्थ_देशस्थ | ४ मे
बाहेरचा माणूस आहे, भाबडा प्रश्न. १३३ मतदारांपैकी १०८ जणांना फ्रान्सिसनीच कार्डिनल केलंय असं वाचलं. मग निकाल ठरलेलाच नाही का? आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा एवढा बंदोबस्त नसतो.

धूप_आणि_घंटा | ४ मे
ठरलेला असता तर निवडून यायला लागणाऱ्या ८९ मतांची भीती कोणाला वाटली नसती. नेमलेले सगळे एका माळेचे मणी नाहीत, आंबोंगोंना पण फ्रान्सिसनीच लाल टोपी दिली. आणि कार्डिनल म्युलर उघड म्हणालेत की चुकीचा माणूस निवडला तर चर्चमध्ये फूट पडेल.

पानवेल_वसई | ४ मे
म्हणजे आमचा आला नाही तर आम्ही वेगळी चूल मांडू. फ्रेंच आर्चबिशप लफेव्रांनी १९८८ मध्ये पोपची परवानगी नसताना चार बिशप अभिषिक्त केले तेही परंपरेच्याच नावाने. आज्ञापालन फक्त आवडत्या पोपच्या वेळी का?

धूप_आणि_घंटा | ४ मे
आणि तुमचं संवाद-संवाद फक्त आवडत्या लोकांशी का? पोप बेनेडिक्टनी २००७ मध्ये जुनी, लॅटिनमधली मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मोकळी केली, फ्रान्सिसनी २०२१ मध्ये परत आवळली, पॅरिश चर्चमध्ये नको म्हणे. ज्यांना परिघावरच्यांची एवढी काळजी, त्यांना आम्हीच तेवढे खुपतो. पॅरिसहून शार्त्रला पेन्टेकॉस्टला पायी जातात, तीन दिवस, शंभर किलोमीटर, पंधरा हजारांहून जास्त लोक आणि बहुतेक पोरंसोरं, सगळी मिस्सा लॅटिनमध्ये. वारी आहे ती. वारकऱ्याला कोणी सांगतं का की तुझा अभंग जुना झाला?

पानवेल_वसई | ४ मे
अरे अभंग मराठीत आहे म्हणून तर वारी आहे! तुकोबा संस्कृतात लिहीत बसले असते तर देहूच्या बाहेर कोणी ओळखलं असतं? मी सांगतो जुनी मिस्सा कशी होती, कारण मी नऊ वर्षांचा असताना, १९६३ ला, वेदीसेवक होतो. फादरांची पाठ आमच्याकडे, आणि उत्तरं द्यायला माझ्याकडे चौकटीची वही, तीत वडलांनी देवनागरीत लिहून दिलेलं, "अद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम". अर्थ विचाराल तर शून्य. मध्ये अडखळलो की मोठा सेवक कोपराने ढोसायचा. मागे आजी मिस्साभर तेर्स (जपमाळ) करायची, घंटा वाजली की मान वर, प्रसाद उचललेला बघायची, परत मणी. आणि पहिल्यांदा मराठीत "प्रभू तुम्हांबरोबर असो" ऐकलं तेव्हा ती बाजूच्या बाईला म्हणाली, "आज फादर आपल्याशी बोलला."

धूप_आणि_घंटा | ४ मे
गोष्ट छान आहे, खरंच. पण तुमच्या आजीला काही कळत नव्हतं असं तुम्ही म्हणताय, ती नाही. घंटा वाजल्यावर काय होतं ते तिला आजच्या मोबाईलवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या कागदातच लिहिलंय की लॅटिन टिकवावी. ते कुठे गेलं?

मस्कतकरीण | ५ मे
तुम्ही दोघं लॅटिनवर भांडताय आणि इथे मराठीच मरायला टेकलीय. मी वर्षातून एकदा घरी येते. आमच्या पॅरिशमध्ये (नाव घेत नाही, सासर तिथेच आहे) रविवारी साडेआठची मराठी मिस्सा होती ती आता शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ढकललीय, रविवारी इंग्रजी, कारण पोरं कॉन्व्हेंटची आणि नव्या टॉवरमधले लोक. गेल्या जानेवारीत गेले तर कोयरमध्ये चार बायका आणि एक कीबोर्ड. चारातली एक बहिरी. फादर दिब्रिटोंनी बायबल मराठीत आणलं, २०२० ला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, आणि घरात पोराला "आमच्या स्वर्गातील बापा" पाठ नाही. कुठला टागले आणि कुठला तो कार्डिनल सारा घेऊन बसलात.

बार्देशी | ५ मे
ताई, मराठी-मराठी करता पण गोव्यात आम्हाला कोंकणी मिस्सा हवी, मराठी नको. आणि लिपी रोमी.

मस्कतकरीण | ५ मे
मी गोव्याचं नावच घेतलं नाही?

पानवेल_वसई | ५ मे
बार्देशी, फादर स्टीफन्स इंग्लंडहून तुमच्याच गोव्याच्या साष्टीत आले आणि १६१६ ला ख्रिस्तपुराणाच्या ओव्या मराठीत छापल्या. आता तुम्ही म्हणाल ती कोंकणी होती.

बार्देशी | ५ मे
म्हणणार नाही, पण १६८४ मध्ये पोर्तुगिजांनी आमची भाषा बंद करायचा हुकूम काढला तेव्हा तुमच्या ओव्या आल्या नाहीत वाचवायला. आमची भाषा आज्यांनी टिकवली. कॉन्क्लेव्हला मत द्यायला आमचे फिलिप नेरी फेर्रांव गेलेत, तुमचे मुंबईचे कार्डिनल ग्रेशस चार महिन्यांपूर्वी ऐंशीचे झाले म्हणून बाहेर. 😌

तटस्थ_देशस्थ | ५ मे
पोप रोमचा, भांडण वसई विरुद्ध बार्देश. मंडळी, सीमाप्रश्न वेगळ्या धाग्यावर घ्या.

धूप_आणि_घंटा | ५ मे
हसा. पण मस्कतकरीण ताई, तुम्ही माझंच सांगताय. एकदा म्हटलं की जी भाषा लोकांना सोयीची ती, की मग सोय इंग्रजीपाशी थांबते. लॅटिन कोणाचीच नव्हती म्हणून कोणी कोणाची पळवू शकत नव्हतं.

मस्कतकरीण | ५ मे
...हे मला आवडलेलं नाही पण उत्तर सुचत नाहीये. ड्यूटीवर जाते.

पानवेल_वसई | ५ मे
उत्तर मी देतो. कोणाचीच नव्हती म्हणजे फादरांची होती. आम्ही फक्त वही वाचायचो. आणि हे "शुद्ध" लोक जेव्हा गुडघे टेकून जिभेवर प्रसाद घेणारा कॅथलिक आणि हातात घेणारा नावापुरता असं बोलतात ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. माझी बायको कोविडपासून हातातच घेते. तिला कोणी काही बोलून बघावं.

धूप_आणि_घंटा | ६ मे
काकूंना मी कधी काही बोललो? उगाच घरचे मध्ये आणू नका. मी आता कॉन्क्लेव्ह संपेपर्यंत लिहीत नाही.

तटस्थ_देशस्थ | ९ मे
काल सगळी चॅनेलं युद्धाच्या सायरनमध्ये, मी यूट्यूबवर धुराडं बघत बसलो. रात्री साडेनऊनंतर पांढरा धूर, म्हणजे पोप ठरला, चौथ्याच फेरीत! प्रेव्होस्ट, चौदावे लिओ. पाच फुल्यांतला एकही नाही. हे आता कोणाचे?

पानवेल_वसई | ९ मे
आमचे. पेरूमध्ये वर्षानुवर्षं मिशनरी, बाल्कनीतून स्पॅनिशमध्ये आपल्या जुन्या चिक्लायोच्या लोकांना नमस्कार केला, आणि नाव घेतलं ते कामगारांवर १८९१ चं पत्र लिहिणाऱ्या लिओचं.

धूप_आणि_घंटा | ९ मे
आमचे. फ्रान्सिसनी न घातलेली लाल मोझेटा (खांद्यावरचा आखूड झगा) अंगावर होती आणि आशीर्वाद लॅटिनमध्ये. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे काका.

पानवेल_वसई | ९ मे
ऑपरेशन झालंय, दोन्ही. मोझेटा दिसली. बरी दिसत होती.

धूप_आणि_घंटा | ११ मे
आज लिओ बाल्कनीत रेजिना चेली (मरियेचं गीत) लॅटिनमध्ये गायले, वाचून नाही, गाऊन. असो. फुल्यांचं ते चित्र मी काढून टाकलंय, वाद नको म्हणून, चूक होती म्हणून नाही. ताई, तुमच्या त्या शनिवारच्या कोयरला पुरुष आवाज चालतो का? माझी एकच अट, प्रसादानंतर एक लॅटिन गीत घ्यायचं.

मस्कतकरीण | ११ मे
चालतो म्हणजे, कीबोर्डवाला पण डिसेंबरात कॅनडाला चाललाय. वहिनीचा नंबर पर्सनलवर देते.

पानवेल_वसई | ११ मे
लॅटिन पाठ आहे का याला विचारा. नसेल तर ती चौकटीची वही आहे अजून, माळ्यावर. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, बाकी "मेआम"पर्यंत शाबूत.