हॉपी बिअर: मुरवायची की लगेच संपवायची?

फसफस
घरी बिअर करणाऱ्यांच्या डोक्यात एक समजूत पक्की बसलीये: बाटली जितकी जुनी, तितकी बिअर सरस. बार्लीवाइनसारख्या कडक बिअरचं ठीक आहे, पण हॉपी, म्हणजे हॉप्स या कडवट-सुवासिक फुलांचा भर असलेल्या बिअरच्या बाबतीत हे साफ चूक, असं माझं मत. गेल्या खेपेला वीस लिटर आयपीए (इंडिया पेल एल, हॉपी बिअरचाच एक प्रकार) केली, ड्राय हॉपिंगला, म्हणजे वासासाठी न उकळता हॉप्स घालायला, सिट्रा आणि मोझेक हे वाण. बाटल्या भरल्यावर पंधराव्या दिवशी पहिली उघडली, तर ग्लास नाकाशी न्यायच्या आधीच आंब्या-संत्र्याचा वास. सहा बाटल्या ‘मुरू देत’ म्हणून कपाटात ठेवल्या. चार महिन्यांनी बघतो तर सोनेरीची तांबूस झालेली, वास मधासारखा आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव. माझं म्हणणं एवढंच, की गॅस धरला की प्यायला लागा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. बोला.

कोवळी_नको
असहमत. घाईने प्यायलेल्या कोवळ्या आयपीएमुळेच लोकांना वाटतं की हॉपी बिअर म्हणजे घसा खरवडणारं काहीतरी. मी एकदा आठव्या दिवशी बाटली उघडली होती. पाला चावल्यासारखी तुरट, घोटामागे घशात खवखव. हॉप्सचे बारीक कण आणि पॉलिफिनॉल ही तुरट द्रव्यं बिअरमध्ये तरंगत असतात, म्हणून तसं होतं. त्याच घाण्यातल्या बाटल्या आणखी तीन आठवडे, त्यातले शेवटचे दोन फ्रिजमध्ये, ठेवल्या. कण तळाशी बसले आणि बिअर एकदम गुळगुळीत.

दुसरं म्हणजे हॉप क्रीप. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात, ती बिअरमध्ये उरलेल्या, यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनची साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. ब्राउन आणि मॉरिस या संशोधकांनी १८९३ सालीच यावर लिहून ठेवलंय. यात लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल तयार होतं आणि ते साफ करायला यीस्टला वेळ लागतो. उतावीळ माणूस वर प्रायमिंगची (बाटलीत गॅस धरायला लागणारी) साखर घालून बाटल्या भरतो. मग बाटल्या फुटतात.

फसफस
@कोवळी_नको, अहो, पण याला मुरवणं कुठे म्हणतात? हे निवळणं झालं. डायअसिटिलचं काम फर्मेंटरमध्येच, म्हणजे आंबवायच्या भांड्यातच उरकायचं. ड्राय हॉपिंगनंतर दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा हलला नाही, तरच बाटली भरायची. कण बसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, मान्य. महिने कशाला?

जुनं_पिंप
तुम्हा दोघांचं भांडण आठवड्यांचं आहे. मूळ आयपीए इंग्लंडहून हिंदुस्थानात पोचायची तीच चार-सहा महिने गलबतात हिंदकळून. आणि त्या मुरलेल्या बिअरला तिची ती खास चव यायची ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टमुळे. कार्ल्सबर्गच्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश बिअरच्या अभ्यासातूनच ते जगापुढे आणलं. आजचंही सांगतो: स्टोन ब्रूइंग या अमेरिकी कंपनीची ‘एन्जॉय बाय’ ही ताजी प्यायची आयपीए आहे, पण त्यांनीच २०१५ मध्ये ब्रेट (तेच ब्रेटॅनोमायसिस) घातलेली ‘एन्जॉय आफ्टर’ काढली. तारीख उलटल्यावर प्या!

फसफस
गलबतातल्या त्या जुन्या बिअरमध्ये आंब्या-संत्र्याचा वास कुणी शोधतच नव्हतं, पिंपराव. ब्रेट घातलं की वेगळाच प्राणी होतो तो. आणि प्लायनी द एल्डर या नावाजलेल्या आयपीएच्या लेबलवर काय छापतात, तेही सांगा की: ही मुरवायची बिअर नाही, ताजी प्या.

मोजूनमापून
तुम्ही सगळे कॅलेंडरकडे बघताय. मी एकाच घाण्याचे तीन वाटे करून बघितले. पहिला नेहमीसारखा भरून कपाटात. दुसरा तसाच भरून, दोन आठवडे साधारण २० अंशांवर गॅस धरू दिला आणि मग थेट फ्रिजमध्ये. तिसराही फ्रिजमध्येच, पण भरताना नळी बाटलीच्या तळाला टेकवलेली, वर जेमतेम बोटभर जागा, आणि फेस काठापर्यंत आला की त्या फेसावरच बूच दाबलेलं.

अडीच महिन्यांनी तिन्ही शेजारी-शेजारी ओतले. पहिला तपकिरी आणि मेलेला. दुसरा बरा. तिसऱ्याला अजून वास होता. पहिल्या दिवसाचा नाही, पण होता. म्हणजे खरा गुन्हेगार ऑक्सिजन, त्याचा साथीदार उष्णता. बाटलीतलं यीस्ट थोडा ऑक्सिजन खातं हे खरं, पण सगळा नाही. @फसफस, तुमच्या सहा बाटल्या कपाटात होत्या ना? मग चार महिन्यांना कशाला दोष देता?

अवांतर: मिरसीन हे हॉप्समधलं वासाचं द्रव्य तसंही टिकत नाही, बुचाच्या आतलं अस्तरसुद्धा ते शोषतं. त्यामुळे ‘जशीच्या तशी राहील’ हे विसरा. धुकट न्यू इंग्लंड आयपीए तर सगळ्यात नाजूक. ती राखाडी-जांभळट पडली की बघवतसुद्धा नाही.

कोवळी_नको
@मोजूनमापून, फेसावर बूच दाबायचं पुढच्या वेळी करून बघते. तरी पहिले तीन आठवडे मी हात लावणार नाही.

फसफस
कपाटाचं कबूल. घरात फ्रिज एकच आहे आणि त्यात बाटल्यांना किती जागा द्यायची, यावर आधीच वेगळा धागा चालू आहे! पण फ्रिजमध्ये असली तरी दोन महिन्यांच्या पुढे मी नाही ठेवणार.

जुनं_पिंप
त्या सहांतल्या किती उरल्या?

फसफस
दोन. का?

जुनं_पिंप
ओतून देऊ नका. वर्षभर विसरा, मग बोलू.