मर्सिडीज डब्ल्यू १२३, ३०० डी : ऑटोमॅटिकचे गिअर धाडकन पडतात, ॲडजस्टमेंट कुठून सुरू करावी?

पाच_सिलिंडर

१९८४ ची ३०० डी, विनाटर्बो ओएम ६१७ इंजिन, चार गिअरचा ७२२.३ ऑटोमॅटिक. गाडी पुण्यात असते. हलक्या पायानं चालवली तरी पहिल्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा पडताना जोरात झटका बसतो. सिग्नलला थांबता थांबता खालचा गिअर पडतो तेव्हाही बसतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र गिअर नीट पडतात. ऑइल आणि फिल्टर नुकतंच बदललंय, पातळी बरोबर आहे. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्सच्या आतला, ऑइलचा दाब वाटून देणारा भाग) उघडायला सांगतायत. त्याआधी बाहेरून करण्यासारखं काय आहे? मॉड्युलेटरची (व्हॅक्यूमनुसार गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब ठरवणारा भाग) चावी फिरवायची की ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी केबल? कुठल्या दिशेला आणि किती?

व्हॅक्यूम_गेज

दोन्हींना अजून हात लावू नका. पूर्ण दाबल्यावर गिअर नीट पडतात, यातच बरंचसं उत्तर आहे.

डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत थ्रॉटलची पाकळी नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला व्हॅक्यूम पंप दिलाय. पंपाची जाड नळी ब्रेक बूस्टरला जाते आणि तिच्यावरून बारीक फाटे निघतात. एक किल्लीनं इंजिन बंद करण्यासाठी, एक दारांच्या लॉकसाठी, एक गिअरबॉक्ससाठी. गिअरबॉक्सचा फाटा आधी इंजेक्शन पंपावरच्या व्हॅक्यूम कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जातो आणि तिथून मॉड्युलेटरला. पाय सोडलेला असेल तर मॉड्युलेटरला जास्त व्हॅक्यूम मिळतो, ऑइलचा दाब कमी राहतो, गिअर मऊ पडतो. पाय दाबत जाल तसा व्हॅक्यूम शून्याकडे जातो, दाब वाढतो आणि क्लच घट्ट धरतात. तुमच्या गिअरबॉक्सला बहुधा कायमच कमी व्हॅक्यूम मिळतोय, म्हणजे पाय हलका असतानाही तो पूर्ण रेस असल्यासारखा वागतोय. पूर्ण रेसला व्हॅक्यूम शून्यच हवा असतो, म्हणून तिथे काही बिघडल्यासारखं वाटत नाही.

आधी दोन गोष्टी सांगा. किल्ली फिरवल्यावर इंजिन लगेच बंद होतं की दोन-तीन सेकंद घेतं? आणि ड्रायव्हरचं दार लॉक केल्यावर बाकीची दारं लॉक होतात का? दोन्ही कामं त्याच व्हॅक्यूमवर चालतात.

मग साधं व्हॅक्यूम गेज आणि एक टी जोड घ्या. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. बूस्टरच्या जाड नळीवर पाऱ्याचे २० इंच किंवा थोडं जास्त दिसायला हवं. मॉड्युलेटरकडे जाणाऱ्या नळीत टी लावल्यावर साधारण १२ ते १५ इंच, म्हणजे ०.४ ते ०.५ बार. आता इंजेक्शन पंपावरच्या व्हॉल्व्हचा लिव्हर त्याच्या दांडीवरून सोडवा आणि हातानं हळूहळू फिरवा. काटा कुठेही न अडकता, उडी न मारता शून्यापर्यंत उतरला पाहिजे. मध्येच अडकला तर व्हॉल्व्ह झिजलाय किंवा त्याचं हवा सुटण्याचं तोंड तुंबलंय. तोंड तुंबलेलं असेल तर उलटा त्रास होतो. पाय दाबला तरी व्हॅक्यूम उतरत नाही, दाब वाढत नाही आणि क्लच घसरतात. झटक्यापेक्षा हे वाईट.

शेवटी मॉड्युलेटरच्या तोंडावरची रबरी नळी काढून आत बघा. लाल ऑइल दिसलं तर पडदा फाटलाय. ते ऑइल नळीवाटे इंजिनाकडे ओढलं जातं आणि गिअरबॉक्सची पातळी बाहेर कुठेही गळती न दिसता कमी होत राहते. अशा मॉड्युलेटरला ॲडजस्टमेंट नाही, तो बदलायचाच. काढताना आतली छोटी पिन खाली पडू देऊ नका, ओ-रिंग नवी घाला.

लिंकेज_आधी

केबलबद्दल थोडं. बरेच जण मॉड्युलेटर आणि केबल एकच समजून दोन्ही फिरवून बसतात. गिअर किती जोरात पडतो ते मुख्यतः मॉड्युलेटर ठरवतो, किती वेगाला पडतो ते केबल. तुमची तक्रार जोराची आहे, त्यामुळे केबल फक्त तपासा.

क्रम महत्त्वाचा. ॲक्सिलरेटरच्या दांड्यांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या बुश असतात, त्या इतक्या वर्षांत खिळखिळ्या होतात. दुसऱ्या कुणाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि इंजेक्शन पंपाचा लिव्हर शेवटच्या थांब्याला टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर केबल आणि व्हॉल्व्ह दोन्हींची ॲडजस्टमेंट चुकीच्या पायावर होते. मग इंजिन बंद ठेवून केबलचा सॉकेट त्याच्या बॉलवरून काढा, केबल पुढे ओढा, किंचित अडथळा जाणवला की थांबा. त्या जागी सॉकेट न ताणता, न ढकलता बरोबर बॉलवर बसला पाहिजे. बसत नसेल तर ॲडजस्टरची नट फिरवा. केबल ताठ झाली तर गिअर उशिरा, चढ्या रेसला पडतात. सैल राहिली तर फार लवकर पडतात आणि गाडी कुंथते.

किकडाउन, म्हणजे पेडल तळापर्यंत दाबल्यावर खालचा गिअर पडणं, वेगळा आहे. पेडलखालचा स्विच आणि गिअरबॉक्सवरचा सोलेनॉइड, दोन्ही विजेवर चालतात. त्याचा या झटक्याशी संबंध नाही.

पाच_सिलिंडर

मोजलं. किल्ली फिरवल्यावर इंजिन तीन सेकंदांनी बंद होतं, दारं लॉक होत नाहीत. बूस्टरच्या नळीवर फक्त १४ इंच, मॉड्युलेटरला ५. लिव्हर फिरवला की काटा गुळगुळीत शून्यावर येतो. मॉड्युलेटरच्या नळीत ऑइल नाही. पेडल दाबल्यावर पंपाचा लिव्हर थांब्याला टेकतो, केबल न ताणता बसते.

व्हॅक्यूम_गेज

आकडे स्वच्छ आहेत. व्हॉल्व्ह ठीक, मॉड्युलेटर ठीक, गळती मागे कुठेतरी. पिवळ्या रेषेची बारीक नळी दारांच्या लॉककडे जाते. जाड नळीवरच्या जोडातून ती काढा आणि त्या तोंडावर घट्ट रबरी टोपी लावा. परत गेज बघा.

पाच_सिलिंडर

टोपी लावल्याबरोबर बूस्टरच्या नळीवर २१, मॉड्युलेटरला १२. इंजिन किल्लीसरशी बंद होतंय.

व्हॅक्यूम_गेज

मग गिअरबॉक्स उघडायचं कारण नाही. टोपी लावून गाडी खुशाल चालवा, दारं फक्त हातानं लॉक करावी लागतील. वेळ मिळेल तेव्हा गळती शोधा. ड्रायव्हरचं सोडून प्रत्येक दारात, डिकीत आणि डिझेल टाकीच्या झाकणाजवळ एकेक ॲक्च्युएटर (व्हॅक्यूमनं लॉक हलवणारा डबा) आहे. हातपंपानं प्रत्येकाला १५ इंच द्या आणि मिनिटभर थांबा. काटा उतरला की तिथला पडदा गेला. लॉक आणि अनलॉक या दोन्ही स्थितींत तपासा, पडदा कधी एकाच बाजूनं गळतो. नळ्यांच्या टोकांचे रबरी कोपरेही वाकवून बघा, चिरा पडलेल्या असतात.

आता चावी. मॉड्युलेटर गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस आहे. गाडी स्टँडवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करून सायलेन्सरचा पाइप निवू द्या. मॉड्युलेटरच्या टोकावरची टोपी काढली की आत टी आकाराची छोटी चावी दिसते. ती किंचित बाहेर ओढायची, फिरवायची आणि परत खाचेत ढकलायची. घड्याळाच्या दिशेनं दाब वाढतो, गिअर घट्ट पडतो. उलट दिशेनं मऊ. मूळ जागेवर रंगाची खूण करून ठेवा. एका वेळी पाव फेरा, नंतर गाडी पूर्ण गरम करून त्याच रस्त्यावर त्याच हलक्या पायानं चालवायची. पण हे सगळं गळती थांबल्यानंतर. गळती तशीच ठेवून चावी उलटी फिरवत गेलं तर झटका कमी होतो, आणि पुढे कुणी दाराचा ॲक्च्युएटर बदलला की व्हॅक्यूम पूर्ववत होऊन क्लच घसरायला लागतात.

घाट_उतार

वरच्या आकड्यांना एक जोड. पाऱ्याचे १२ ते १५ इंच हे समुद्रसपाटीच्या जवळपासचे आकडे. दर ३०० मीटर उंचीला साधारण इंचभर कमी धरा. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे दोनेक इंच कमी दिसणारच, त्यामुळे तिथे १२ हे चांगलंच वाचन आहे. महाबळेश्वरात आणखी कमी दिसेल, त्यावरून चावी फिरवू नका.

दुसरं, मऊपणाच्या नादात दुसऱ्या-तिसऱ्यावर लक्ष ठेवा. गिअर बदलताना क्षणभर रेस चढली आणि गाडी ओढली नाही, तर त्या क्षणात के १ (तिसरा गिअर धरणारा आतला क्लच) च्या चकत्या घासल्या जातायत. लगेच चावी अर्धा फेरा परत घट्ट करा. व्हॅक्यूम बरोबर असून, चावी घट्ट करूनही रेस चढतच असेल, तेव्हा के १ कडे किंवा व्हॉल्व्ह बॉडीकडे बघायचं, त्याआधी नाही.

ऑइलची पातळी कशी मोजली तेही तपासा. ऑइल सुमारे ८० अंशांना, गाडी सपाटीवर, इंजिन आयडलवर, गिअर लिव्हर पी मध्ये. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत फक्त ०.३ लिटरचा फरक आहे. पुसायला धागे सुटणारं फडकं नको. आणि ऑइल बदलताना टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) काढलं होतं का? त्यालाही वेगळा ड्रेन प्लग असतो. इंजिन क्रँकच्या २७ च्या बोल्टवरून हातानं फिरवल्यावर तो बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कवच) खालच्या झरोक्यात येतो. ५ मिमी ॲलन की, घट्ट करताना १४ न्यूटन मीटर. तो उघडला नसेल तर आत बरंचसं जुनंच ऑइल आहे. दोन्हीकडून काढलं तर सुमारे ६ लिटर लागतं. आधी ४ ओता, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळीकडे फिरवा, उरलेलं मोजत थोडं थोडं घाला.

पाच_सिलिंडर

कन्व्हर्टरचं काढलं नव्हतं, ते करून घेतो. मागच्या डाव्या दारातला पडदा फाटलेला निघाला. नवीन येईपर्यंत टोपी लावून ठेवलीय. पहिला-दुसरा आता कळतही नाही. दुसरा-तिसरा अजून थोडा घट्ट वाटतो. पाव फेरा सैल करू का?

व्हॅक्यूम_गेज

आधी कन्व्हर्टरचं ऑइल बदला आणि दोनशे किलोमीटर चालवा. नवीन ऑइलनं तेवढा घट्टपणा बऱ्याचदा जातो. तरी राहिला तर पाव फेरा, आणि तेवढ्यावर थांबा. या गिअरबॉक्समध्ये दुसरा-तिसरा पडताना हलकंसं जाणवणं ठीक आहे.