१९६२च्या घडणीचा प्रिसिजन बास: जाड फ्लॅटवाउंड तारांनी ॲक्शन (तारांची उंची) वर गेली, ई तार चढी लागते

चारतारी:
जपानी बनावटीचा, १९६२च्या घडणीचा (म्हणजे त्या सालच्या मॉडेलबरहुकूम नंतर बनवलेला) फेंडर प्रिसिजन बास आहे. फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच, ट्रस रॉडचा (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, आतली बाक आवरणारी सळई) नट बॉडीकडच्या टोकाला. आधी ०.०४५ ते ०.१०५ इंची राउंडवाउंड (गोल वेष्टणाच्या) तारा होत्या, आता ला बेला कंपनीचा ०.०५२ ते ०.११० इंची फ्लॅटवाउंड (सपाट वेष्टणाच्या तारांचा) संच चढवलाय. १७व्या फ्रेटवर ई तारेची उंची ३.८ मिमी आणि जीची ३.२ मिमी झाली आहे. रिलीफ (नेकचा पुढचा बाक) ०.८ मिमी भरतो. ई तार १२व्या फ्रेटवर १२ सेंट (अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी १२) चढी लागते आणि तिचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकण्याचा सरकता तुकडा) आणखी मागे जात नाही. ब्रिजच्या कव्हरखाली पॅकिंगचा फोम घातलाय, त्याने सूर उमटतो न उमटतो तोच विझतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या जुन्या रेकॉर्डांसारखा गोल, ठाशीव खर्ज हवा आहे. सुरुवात कुठून करू? पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबकी उपकरण) बदलण्याचा सल्लाही मिळालाय.

मंद्रसप्तक:
पिकअपला अजिबात हात लावू नका. फोम सोडला तर तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे: ताण. जाड तारांनी नेक पुढे ओढली, रिलीफ वाढला, त्यामागोमाग ॲक्शन वाढली. आता फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते, म्हणून सूर चढतो. त्यामुळे क्रम मोडू नका: आधी रिलीफ, मग उंची, इंटोनेशन (सॅडल मागेपुढे करून वरच्या फ्रेटचे सूर जुळवणं) सगळ्यात शेवटी.

रिलीफ मोजताना पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि ८व्या फ्रेटपाशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ७.२५ इंची गोलाईला ०.३५ मिमी हवा.

टोकाच्या नटासाठी नेक काढावी लागेल, पण ते काम अवघड नाही. तारा पूर्ण सैल करा, कापो पहिल्या फ्रेटवर तसाच राहू द्या, म्हणजे खुंट्यांवरचे वेढे सुटणार नाहीत. मागचे चारही स्क्रू नंबर २ फिलिप्सने हातानेच काढा, ड्रिल नको. नटाला अधिक चिन्हासारखी खाच असते. ती पूर्ण भरेल असा रुंद स्क्रूड्रायव्हर घ्या, अरुंद पात्याने तिच्या कडा उडतात. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नेक बसवा, सुरात लावा, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. ०.८ वरून ०.३५ वर यायला हे दोन-तीनदा करावं लागेल.

स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो टक करून उतरतो, तेव्हाच सुलट आवळा. नाहीतर मेपलमध्ये नवा आटा पडतो आणि भोक कायमचं ढिलं होतं. आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो दमट हवेत पाणी धरतो.

नट जड लागला तर जोर करू नका. तो पूर्ण काढून आट्यांवर तेलाचा एक थेंब द्या. आटा संपल्यामुळे अडत असेल तर एक पातळ वॉशर घालून पुन्हा चढवा.

सुतारपक्षी:
रिलीफ बसल्यावर १७व्या फ्रेटवर ई २.८ मिमी आणि जी २.४ मिमी हे फेंडरचंच माप आहे, तिथून सुरुवात करा. सॅडल पार खाली टेकूनही तार उंच राहिली तर नेकखाली शिम (पातळ पट्टी) लागेल: बॉडीतल्या खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला, ०.२५ ते ०.५ मिमी. व्हिजिटिंग कार्डाची पट्टी चालते, पण मागे पोकळी उरते आणि काही वर्षांत नेकचं टोक वर उचललं जातं. पूर्ण खाच भरेल अशी उतरती लाकडी पाचर उत्तम.

वरचा नटही (खुंट्यांकडची, तारा बसायच्या खाचांची पट्टी; ट्रस रॉडचा नट नव्हे) बघा. ०.१०५ साठी कापलेल्या खाचेत ०.११० तार तळाला टेकत नाही, वरच अडकते. ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. कागद जेमतेम जाईल एवढीच हवी. जास्त असेल तर खालचे दोन-तीन फ्रेट चढेच लागणार, ब्रिजवर काहीही करा. सुरात लावताना करकर आवाज येत असेल तर खाच नक्की अरुंद आहे. जुन्या बारीक तारेभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाच रुंद करा, उतार खुंट्यांकडे ठेवा. खोली वाढवताना दर चार-पाच घासांनी तार बसवून तपासा, कारण जास्त खोल गेलेला नट बदलावाच लागतो.

सॅडल मागे जात नाही याचं साधं कारण बहुतेक वेळा स्प्रिंग असते. ती पूर्ण दबली की सॅडल थांबतं. स्प्रिंग काढून अर्धी कापा, तीन-चार मिमी जागा मिळते. ई तारेवर स्प्रिंग नसली तरी चालतं, तारेचा दाबच सॅडल धरून ठेवतो.

खर्ज:
फोमबद्दल. पॅकिंगचा फोम बंद छिद्रांचा आणि कडक असतो, तो तारेला धक्का देऊन थांबवतो. भांड्यांच्या स्पंजचा मऊ पिवळा भाग घ्या (हिरवी घासणी सोलून), ७५ मिमी लांब, १२ मिमी रुंद. जाडी फटीपेक्षा २ ते ३ मिमीच जास्त. कव्हरच्या आत चिकटवा, म्हणजे तो वरून तारांना टेकतो. फेंडरही तसाच लावायचे. बसवून चारही तारा एकेक वाजवा. ई खूप टिकते आणि जी लगेच मरते असं झालं तर जीकडची बाजू कात्रीने उतरती करा. इंटोनेशन मात्र फोम काढून लावा, तारेवर दाब पडला की ट्यूनर फसवं माप दाखवतो.

पावसाळ्यात तो स्पंज अधूनमधून काढून वाळवा. घामाचा ओलावा तिथेच साठतो आणि सॅडलचे बारीक स्क्रू आधी गंजतात. जुना फोम चिकट होऊन विरघळतो, तो तसाच ठेवला तर खालचं क्रोमही खराब होतं.

आवाजाचं म्हणाल तर मोटाउनचा बासवादक जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजनवर ला बेलाच्याच जाड फ्लॅटवाउंड वापरायचा, ॲक्शनही उंच होती, कव्हरखाली फोम होता आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. डेट्रॉइटच्या स्टुडिओत बास थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये जायचा. यात पिकअपची काही खास करामत नाही. बोट पिकअपच्या थोडं पुढे, नेककडे ठेवा आणि तारा मळल्या म्हणून बदलू नका. फ्लॅटवाउंडचा झणझणाट ओसरल्यावरच त्या खऱ्या बोलायला लागतात.

चारतारी:
स्प्रिंग खरंच पूर्ण दबलेली निघाली. दोन शंका: सगळं करूनही नेक पुरेशी मागे आली नाही तर? आणि टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा आहे, जुन्यांसारखा ०.१ घालू का?

मंद्रसप्तक:
दोन्ही रास्त आहेत. रॉड संपला तर हट्ट न करता ला बेलाचाच ०.०४३ ते ०.१०४ फ्लॅटवाउंड संच लावा. ताण बराच कमी होतो, आवाजाचा गोलवा राहतो. जुन्या तारा काढून ठेवल्यात तर जपा. नव्या फ्लॅटवाउंड कापताना आधी पक्कडीने काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पुढे कापा. सरळ कापली तर वरचं वेष्टण गाभ्यावरून सरकतं आणि तार मुकी होते. खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंमी ठेवा, टोक खुंटीच्या मधल्या भोकात उतरवा आणि वेढे खाली खाली घ्या.

कपॅसिटरचा फरक टोन बंद करत नेल्यावरच ऐकू येतो, पूर्ण उघडा असताना जवळजवळ नाही. टोन नेहमी अर्ध्याच्या वर ठेवत असाल तर ०.०४७ तसाच असू द्या. पूर्ण बंद करून वाजवणार असाल तर ०.१ लावून बघा, सोल्डरचे दोन टाके सोडवून पुन्हा लावायचं काम आहे. पोट (पोटेन्शियोमीटर, बटणाखालचा बदलता रोधक) २५०के (किलोओहम) असल्याची खात्री तेवढी मल्टीमीटरवर करून घ्या.