न्यायाधीश कोण आहे, यावर निकाल किती अवलंबून असतो?

तिसरा_बाक

हा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो. स्त्रियांच्या प्रकरणात स्त्री न्यायाधीश, कामगारांच्या दाव्यात आयुष्यभर कामगारांची वकिली केलेला न्यायाधीश, दोन धर्मांच्या वादात त्यांतल्याच एका धर्माचा न्यायाधीश. एक बाजू म्हणते, गाउन चढवला की माणूस मागे राहतो. दुसरी म्हणते, तो कधीच मागे राहत नाही. टाळ्या दोन्ही वाक्यांना मिळतात, पण प्रत्यक्ष खटल्यात त्यांचं करायचं काय?

मला तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. कायदा रेघ कुठे ओढतो? न्यायाधीशाचं लिंग, धर्म, वंश अशी जी ओळख असते, तिचा परिणाम आकड्यांत दिसतो का? आणि पक्षकाराला खरोखर शंका आली तर त्याने काय करायचं? खटल्यांची नावं आणि सालं दिलीत तर उत्तम.

---

उभा_छेद

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. न्यायाधीश कोण आहे हे कायदा सहसा विचारत नाही. या खटल्याशी, या पक्षकाराशी, या निकालाशी त्याचा संबंध काय, हे विचारतो.

पैशाचा संबंध असेल तर चर्चाच नको. १८५२ च्या डाइम्स विरुद्ध ग्रँड जंक्शन कॅनॉल या खटल्यात इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर (तेव्हाचे सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश) कॉटनहॅम यांचे त्याच कालवा कंपनीत शेअर निघाले. त्यांनी खालच्या न्यायाधीशाचे आदेश कायम केले होते, इतकंच. शेअरवर डोळा ठेवून केले असं कोणीही म्हणालं नाही. तरी त्यांचा आदेश रद्द झाला.

पैसा नसेल तर प्रश्न अवघड होतो, आणि त्यासाठी १९९८ चं पिनोशे प्रकरण बारकाईने बघा. चिलीच्या या माजी हुकूमशहाला अटकेपासून संरक्षण आहे का, यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) २५ नोव्हेंबरला ३ विरुद्ध २ असा त्याच्या विरोधात निकाल दिला. सुनावणीत अॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था बाजू मांडत होती, आणि बहुमतातले लॉर्ड हॉफमन त्या संस्थेच्या धर्मादाय शाखेचे संचालक आणि अध्यक्ष होते. पद बिनपगारी. सुनावणीआधी हे पिनोशेच्या बाजूला सांगितलं गेलं नव्हतं. १७ डिसेंबरला त्याच सभागृहाने स्वतःचा निकाल रद्द केला आणि सात जणांपुढे सुनावणी पुन्हा झाली. हॉफमन मानवी हक्कांचे कैवारी होते हा आक्षेप नव्हताच. समोर बाजू मांडणाऱ्या संस्थेच्याच घरात त्यांची खुर्ची होती, हा होता.

आता याच्या शेजारी २००८ चं हेलो प्रकरण ठेवा. आश्रय मागणाऱ्या पॅलेस्टिनी स्त्रीचा अर्ज लेडी कॉसग्रोव्ह यांनी फेटाळला. त्या ज्यू वकील आणि न्यायाधीशांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्य होत्या, आणि संघटनेच्या मासिकात जहाल मजकूर छापून येत असे. आक्षेप टिकला नाही. सदस्यत्व घेतलं म्हणून मासिकातलं प्रत्येक वाक्य आपलं होत नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं.

तिसरं उदाहरण तुमच्या कामगारांच्या वकिलाला थेट लागू पडतं. १९९९ च्या लोकाबेल निकालात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने पाच प्रकरणं एकत्र ऐकली. धर्म, वंश, लिंग, वय, वर्ग, सांपत्तिक स्थिती, लैंगिक कल यांवरून आक्षेप घेताच येणार नाही असं सांगितलं, आणि तरीही पाचांपैकी एक अपील मंजूर केलं. अपघात-भरपाईच्या त्या दाव्यातल्या न्यायाधीशाने वकील म्हणून जखमींची बाजू वर्षानुवर्षं घेतली होती, यात वावगं काही नव्हतं. पण कायद्याच्या नियतकालिकांत त्याने विमा कंपन्यांवर ज्या सुरात लिहिलं होतं, तो सूर नडला. पेशा चालतो. अमुक प्रकारच्या पक्षकाराविषयी आधीच छापून आलेलं ठाम मत चालत नाही.

---

पुरावा_क्रमांक_एक

वरच्याशी सहमत, पण त्याने अर्धाच प्रश्न सुटतो. संबंध काहीच नाही, आणि तरी न्यायाधीशाचा आयुष्यातला अनुभव निकालपत्रात उतरला, तर?

यावरचा सर्वांत उपयोगी निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे: आर. विरुद्ध एस. (आर. डी.), १९९७. हॅलिफॅक्समधला १५ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, गोरा पोलीस, पोलिसाला धक्काबुक्की केल्याचा आरोप. साक्षीदार दोनच, पोलीस आणि मुलगा. न्यायाधीश कॉरीन स्पार्क्स, स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी दोघांच्या साक्षी तोलल्या आणि वाजवी शंकेचा फायदा देऊन मुलाला सोडलं. सरकारी वकिलाने युक्तिवादात विचारलं होतं, पोलीस खोटं कशाला बोलेल? त्याला उत्तर देताना त्या म्हणाल्या की पोलिसांनी न्यायालयाची दिशाभूल केल्याचं आणि गोरे नसलेल्यांशी वागताना अतिरेक केल्याचं याआधी घडलेलं आहे. या पोलिसाने दिशाभूल केली असं मी म्हणत नाही, हेही त्यांनी जोडलं, पण या तरुण पोलिसाने बहुधा अतिरेक केला असावा, असंही म्हटलं.

यावरून पक्षपाताचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशी सुटका कायम केली. पण बहुमतातल्या दोघांना ते उद्गार रेघेच्या अगदी जवळ गेलेले वाटले, तर उरलेल्या चौघांना ते समाजाची नीट जाण असलेल्या न्यायाधीशाचं लक्षण वाटलं.

निकाल वाचवला तो मांडणीच्या क्रमाने. साक्षींचं मूल्यमापन आधी झालं होतं, ते दोन साक्षींवरच उभं होतं, आणि सामान्य ज्ञानाचा मुद्दा सरकारी वकिलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नंतर आला. तोच मुद्दा वर गेला असता आणि खाली ‘म्हणून याची साक्ष अविश्वसनीय’ असं आलं असतं, तर निकाल पडला असता. परिस्थिती काय असू शकते हे समजायला अनुभव वापरता येतो. या माणसाने काय केलं हे ठरवायला पुरावाच लागतो. पुराव्यात नसलेली एखादी विशिष्ट माहिती न्यायाधीशाला ठाऊक असेल, तर ती आधी दोन्ही बाजूंपुढे ठेवून त्यांना बोलायला संधी द्यावी लागते. गुपचूप वापरली तर अपिलात तेवढं एकच कारण पुरतं.

---

नमुना_संच

आकड्यांबद्दल. आधी एक अट: खटले न्यायाधीशांकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे जात असतील तरच तुलनेला अर्थ आहे. विशिष्ट खटले विशिष्ट न्यायाधीशाकडेच जात असतील, तर आपण न्यायाधीश मोजत नाही, खटले मोजतो.

अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयांवरचा २०१० चा अभ्यास (बॉइड, एपस्टाइन, मार्टिन) याबाबतीत काळजीपूर्वक केलेला आहे. कायद्याची १३ क्षेत्रं तपासली. स्त्री आणि पुरुष न्यायाधीशांत ठाम फरक सापडला तो एकाच क्षेत्रात, नोकरीतल्या लिंगभेदाच्या दाव्यांत. तिथे पुरुष न्यायाधीश दावा करणाऱ्याच्या बाजूने जाण्याची शक्यता सुमारे १० टक्के-बिंदूंनी कमी होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तिघांच्या पीठात एक स्त्री असली की सोबतचे पुरुषही दावा करणाऱ्याच्या बाजूने जास्त वेळा गेले. तिच्या एका मताने एवढं होत नाही. चर्चेत काहीतरी नवीन येतं, असाच याचा अर्थ मला लागतो. उरलेल्या १२ क्षेत्रांचं काय, हे मात्र वादात कोणी सांगत नाही.

इस्रायलच्या लघुवाद न्यायालयांवरचा (छोट्या रकमांचे दावे ऐकणारी न्यायालयं) शायो आणि झुसमन यांचा २०११ चा अभ्यास वेगळं दाखवतो. अरब की ज्यू, यात आपल्याच समाजाचा न्यायाधीश मिळाला तर दावा मंजूर होण्याची शक्यता १७ ते २० टक्के-बिंदूंनी वाढली, आणि न्यायालयाच्या परिसरात आदल्या वर्षी हिंसाचार जास्त झाला असेल तर हा कल आणखी तीव्र दिसला. याउलट भारतातल्या २०१० ते २०१८ या काळातल्या लाखो फौजदारी खटल्यांवर नावांवरून धर्म आणि लिंग ओळखून जे मोठं काम झालं, त्यात आरोपी आणि न्यायाधीश एकाच गटातले असले तर निर्दोष सुटण्यात सरासरी फरक जवळजवळ शून्य आला.

शून्य आला म्हणजे यंत्रणेत भेदभाव नाही, असं मात्र म्हणू नका. सगळेच न्यायाधीश, कुठल्याही गटाचे असोत, एखाद्या गटाशी सारखेच कठोर वागत असतील तर ही पद्धत ते पकडूच शकत नाही. शिवाय कोणावर गुन्हा नोंदला जातो आणि कोणाला जामीन परवडतो, हे सगळं खटल्याच्या आधीच घडून गेलेलं असतं.

आणि ‘भुकेले न्यायाधीश’ कृपया वापरू नका. इस्रायलच्या पॅरोल मंडळांवरचा तो २०११ चा अभ्यास, ज्यात सुटकेचं प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवरून खाण्याच्या मधल्या सुट्टीच्या आधी शून्याकडे घसरतं. प्रकरणांचा क्रमच यादृच्छिक नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बहुधा सुट्टीच्या तोंडावर येत होती.

---

तिसरा_बाक

सर्वांचे आभार, १२ क्षेत्रांचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. तिसरा प्रश्न राहिला. पक्षकाराने नेमकं काय करायचं?

---

दप्तरदार

बरेच आक्षेप उशिरामुळे पडतात. कारण कळल्यावर लगेच बोलायचं. कळूनही गप्प बसलात, निकाल विरोधात गेला आणि मग आठवलं, तर हक्क सोडला असं धरतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने माणकलाल प्रकरणात १९५७ मध्येच हे केलं. चौकशी समितीचा अध्यक्ष पूर्वी विरुद्ध पक्षाचा वकील होता, म्हणजे आक्षेप तत्त्वतः खरा होता. पण तो वेळेत घेतला नव्हता, म्हणून गेला.

आक्षेप आधी त्याच न्यायाधीशापुढे मांडायचा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण वस्तुस्थिती काय ती त्यालाच ठाऊक असते आणि बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो. लेखी अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, प्रत समोरच्या वकिलाला. प्रतिज्ञापत्रात फक्त तथ्यं: कोणता संबंध, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कागदावरून दिसतो, तुम्हाला केव्हा कळलं. हे शेवटचं कलम विसरलात तर समोरचा वकील उशिराचा मुद्दा हमखास काढतो. ‘पक्षपाती’, ‘आमच्याविरुद्ध आकस’ असली विशेषणं काढून टाका. तथ्यं तीच राहतात, अवमानाचा धोका टळतो.

चालत नाही ते असं: याच न्यायाधीशाने आधी माझा अर्ज फेटाळला, याने अशाच दुसऱ्या खटल्यात असा निकाल दिला, हा अमुक समाजाचा आहे. साक्षीदाराच्या सचोटीवर आधीच्या निकालात टोकाचे शब्द वापरले असतील आणि तोच साक्षीदार पुन्हा उभा राहणार असेल, तर मात्र विचार होतो.

अर्ज फेटाळला तर पुढचा रस्ता खटला दुसरीकडे वर्ग करून घेण्याचा. दिवाणी प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४, जिल्हा न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे. फौजदारीत नागरिक सुरक्षा संहिता: त्याच सत्र विभागातल्या दुसऱ्या न्यायालयात न्यायचा असेल तर आधी कलम ४४८, सत्र न्यायाधीशाकडे; नाहीतर कलम ४४७, उच्च न्यायालयाकडे. दर तारखेचे रोजनामे, म्हणजे त्या दिवशी न्यायालयात काय झालं त्याच्या नोंदी, जपून ठेवा. न्यायाधीश काय म्हणाले हे सांगोवांगी सिद्ध होत नाही.

एक अडचण लक्षात असू द्या. कोणीही बसला तरी तोच आक्षेप लागू होणार असेल, तर कोणालातरी बसावंच लागतं. २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाच्या प्रकरणात न्या. खेहर कॉलेजियमचे (हा आयोग ज्याची जागा घेणार होता ते, न्यायाधीश निवडणारं न्यायाधीशांचंच मंडळ) सदस्य आहेत म्हणून त्यांनी बाजूला व्हावं अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. त्या न्यायालयातला प्रत्येकजण आज नाहीतर उद्या कॉलेजियममध्ये येऊ शकतो, मग सुनावणी घ्यायची कोणी?

---

मागचं_दार

उभा_छेद यांच्या मांडणीत एक गोष्ट खटकते. ओळखीवरून आक्षेप नाही, हा नियम योग्यच आहे. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे १९७५ मध्ये एका वकील-फर्मविरुद्ध लिंगभेदाचा दावा आला, आणि त्या कृष्णवर्णीय स्त्री आहेत, आधी नागरी हक्कांच्या वकील होत्या, म्हणून फर्मने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्यांचं उत्तर बिनतोड होतं: लिंग किंवा वंश हे कारण धरलं तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा खटला ऐकू शकणार नाही. पुरुषालाही लिंग असतंच.

खटकतं ते असं की आक्षेप कोणावर येतो ते बघा. मॉटली, स्पार्क्स, कॉसग्रोव्ह. गोऱ्या, सुखवस्तू पुरुष न्यायाधीशाला ‘तुम्ही गोरे पुरुष आहात, बाजूला व्हा’ असा अर्ज कितीदा गेला असेल? आणि समंजस, माहितगार त्रयस्थाला पक्षपाताची शंका येईल का, ही जी कायद्याची कसोटी आहे, तिच्यातला तो त्रयस्थ कोण? तो कल्पनेतला आहे, आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्याच व्यवस्थेतले लोक त्याची कल्पना करतात.

---

उभा_छेद

आक्षेप मान्य. म्हणूनच मला १९८७ चा रणजित ठाकूर निकाल जवळचा वाटतो. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानाने तक्रार केली होती तोच अधिकारी त्याच्या कोर्ट मार्शलमध्ये बसला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, न्यायाधीशाने ‘मी पक्षपाती आहे का’ असं स्वतःला विचारायचं नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनाकडे बघायचं. त्रयस्थाच्या जागी समोर उभा असलेला माणूस आला, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. अर्थात त्याची भीती वाजवी हवी, ही अट कायम आहे.

---

पुरावा_क्रमांक_एक

मागचं_दार यांच्या मुद्द्यावर अर्ज हा उपाय नाही, कारण ज्याची ओळख सर्वसाधारण मानली जाते त्याचे समज कोणाच्या नजरेतच येत नाहीत. ते पकडायची जागा निकालपत्र. आधी तारखा असलेले कागद घ्यायचे, मग वाद नसलेली तथ्यं, मग साक्षीतल्या विसंगती. साक्षीदार खाली बघत होता, अडखळला, आवाज चढला, हे सर्वांत शेवटी, आणि शक्यतो नाहीच. खाली बघणं हे कुठे आदराचं लक्षण असतं आणि कुठे लपवाछपवीचं, हे ऐकणाऱ्याच्या वाढीवर ठरतं.

वकिलांनीही अपिलाच्या मुद्द्यांत न्यायाधीशाचं नाव-गाव आणू नये. निकालपत्रातलं नेमकं वाक्य उचलावं. ‘एवढी शिकलेली स्त्री लगेच तक्रार करती’ असं वाक्य असेल तर त्याखाली पुरावा कोणता, परिच्छेद कितवा, हे विचारावं. पुरावा नसेल तर ते वाक्य वगळून उरलेली कारणं निकाल पेलतात का, हा पुढचा मुद्दा. बरीच अपिलं या दुसऱ्या मुद्द्यावर अडतात, म्हणून तयारी तिथली जास्त करायची.