टर्कीच्या शिकारीचं जाकीट पक्षी-फोटोसाठी चालेल का, की सॅकच बरी?

येरळाकाठ (प्रश्न)

अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यांनी एक जाकीट दिलंय. तिकडे टर्कीच्या शिकारीला घालतात ते. पुढं लहानमोठे अकरा खिसे, पाठीवर पोत्यासारखा एक मोठा खिसा, आणि कमरेमागं बकलवर लटकणारी जाड गादी. बकल सोडलं की गादी खाली येते, तिच्यावर बसायचं. रिकाम्याचं वजन दीड किलो. शिकारीचा काही संबंध नाही, फोटोला वापरायचंय.

काम दोन प्रकारचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडीच्या तलावांवर काठाला दोन-तीन तास एका जागी बसणं. आणि दहिवडी-म्हसवडकडच्या माळावर धाविक, माळटिटवी, पखुर्डी या जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी चार-पाच किलोमीटर चाल, शेवटचा टप्पा पोटावर.

सामान: कॅमेऱ्याची बॉडी ९०० ग्रॅम, निकॉन २००-५०० मिमी लेन्स (२.३ किलो), मोनोपॉड (एकपायी स्टँड), लेन्स टेकवायची भरलेली बीनबॅग दीड किलो, लपायची जाळी, ८×४२ दुर्बीण, दोन लिटर पाणी, डबा. सगळं मिळून नऊ-सव्वानऊ किलो. हे सगळं जाकिटात मावतं, घालून बघितलं. पण मावतं म्हणून तसंच न्यावं का? जाकीट, सॅक की कमरेची पिशवी?

---

कुसळ

मावतं ते सोडून द्या. तिथं पोचल्यावर तुम्ही बसणार, उभे राहणार की झोपणार, त्यावर ठरवा.

आधी हे जाकीट कशासाठी शिवलंय ते बघा. टर्कीची नजर फार तेज, वास मात्र तिला जवळजवळ कळत नाही. म्हणून शिकारी झाडाला टेकून दगडासारखा बसतो, आणि हाताला लागणाऱ्या वस्तू कमीत कमी हालचालीत निघतील अशा ठेवतो. त्या वस्तू तरी काय? टर्कीला बोलवायला तिच्यासारखा आवाज काढायची साधनं, म्हणजे लाकडी पेटी, पाटीचा गोल तुकडा, त्यावर घासायची काडी, तोंडात धरायची पडदी; आणि थोडी काडतुसं. सगळं हलकंफुलकं. पाठीवरचा मोठा खिसा जाताना जवळजवळ रिकामाच असतो. तो भरतो परतताना, आठ-दहा किलोचा नर पडला तर. म्हणजे जाताना हलकं, येताना जड, आणि तेही एकदाच.

आपलं उलटं आहे. सव्वानऊ किलो जातानाही आणि येतानाही. या जाकिटाला कमरपट्टा नसेल (बहुतेकांना नसतो), तर सगळा भार खांद्यावर येतो. दोन किलोमीटरनंतर मान आखडते आणि हात थरथरतो, ५०० मिमीला ते परवडत नाही. शिवाय मागच्या खिशाला आतून मऊ अस्तर नसतं. लेन्स आत टाकली तर चालताना माकडहाडावर आपटते आणि बसलात की थेट जमिनीवर टेकते.

माझा हिशोब असा: जाकिटात एकूण दोन किलोच्या वर काही घालायचं नाही, आणि लेन्स तर कधीच नाही.

तलावाकाठच्या बैठकीला जाकीट छान आहे. पण खिसे भरायच्या आधी ते घालून जमिनीवर मांडी घालून बसा. पोटाखालचे खिसे मांडीत दबतात, झाकण वर उघडत नाही. म्हणजे ते चार खिसे बाद, तिथं रुमाल आणि डब्याची पिशवी जाऊ दे. कामाचे फक्त छातीवरचे. डावीकडे बॅटरी, उजवीकडे कार्ड आणि लेन्सचा कपडा. भरलेली बॅटरी तोंड वर, संपलेली तोंड खाली. अंधारात बोटाला कळतं.

---

माळावरचा

कुसळ यांच्याशी सहमत. गादीबद्दल थोडं जोडतो, कारण जाकिटाचा खरा फायदा तीच.

तिकडचा शिकारी आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा बघून टेकतो. आपल्याकडे खटाव-माणच्या माळावर टेकायला बाभूळ नाहीतर हिवर, म्हणजे पाठीत काटे. तलावावर बांधाचा उतार वापरा. माथ्याच्या खाली बसा, पाठ उताराला. डोकं आभाळासमोर दिसत नाही आणि कंबरही धरत नाही.

गादीचा एक कोपरा बादलीत बुडवून पिळून बघा. पाणी निघालं तर आत साधा स्पंज आहे, मायणीच्या गाळात दहा मिनिटांत ओला होणार आणि दुपारपर्यंत तसाच राहणार. मग शिवण उसवा, स्पंज काढा, आणि व्यायामाच्या मॅटचा रबरी फोम दोन-दोन सेंटिमीटरचे दोन थर करून भरा. तो पाणी पीत नाही. हवा भरायची गादी मात्र घेऊ नका, गोखरूचा एकच काटा पुरतो. घोंगडीची चौघडी चालते, आवाज शून्य, पण भिजली की उचलवत नाही.

आता धाविक. तिथं जाकीट घरी ठेवा. पोटावर झोपलात की छातीवरचे खिसे उशीसारखे मधे येतात, कॅमेरा चार बोटं वर जातो आणि जमिनीलगतचा कोन गेलाच. शिवाय सरपटताना प्रत्येक खिसा माती उपसतो.

क्रम असा ठेवा. कमरपट्टा असलेली २५-३० लिटरची सॅक. पट्टा पोटावर नको, खुब्याच्या हाडावर घट्ट. लेन्स मधे, पाठीला चिकटून. पाणी दोन्ही बाजूंना एकेक लिटर, म्हणजे झोक जात नाही. पक्षी दिसला की ६०-७० मीटरवर सॅक बोरीच्या झुडपाशी उतरवा आणि मोबाईलवर जागा टिपून ठेवा, नाहीतर माळावर सगळ्या बोरी सारख्याच. पुढं न्यायचं फक्त कॅमेरा, बीनबॅग, एक बॅटरी. कमरेची पिशवी असेल तर ती पाठीमागं फिरवून घ्या. बीनबॅग पुढं ढकलायची, कॅमेरा तिच्यावर, मग कोपरांवर हात-दीड हात सरकायचं, थांबायचं. धाविक मान ताठ करून उभा राहिला की तुम्हीही थांबा. तो पुन्हा टोचायला वाकला की सरका.

बीनबॅगेत वाळू घालू नका. शिवणीतून बारीक कण गळतात आणि झूमच्या कड्यात जातात, कड्याचा करकर आवाज तिथूनच सुरू होतो. शाळू घाला, दीड किलो पुरे. पिशवी पाऊण भरायची, गच्च भरली तर लेन्स डगमगते. पावसात भिजली तर त्याच दिवशी ओतून वाळवा, नाहीतर आंबूस वास आणि टोके.

---

येरळाकाठ

दोघांचे आभार. बैठकीला जाकीट आणि चालीला सॅक, हे पटलं. पण मायणीला गाडीपासून काठापर्यंत चालावं लागतंच. जाकिटावर सॅक घालता येईल का? आणि खिशांना काही ठिकाणी लोहचुंबक आहेत, त्यांनी मेमरी कार्ड पुसलं जातं म्हणतात. बाकीच्या खिशांना वेल्क्रो आहे, ते फार करकरतं.

---

जतकर

चुंबकाची भीती सोडा. आताची कार्डं फ्लॅश प्रकारची, खिशाच्या चुंबकानं त्यांना काही होत नाही. मोबाईल मात्र त्या खिशात ठेवू नका, त्यातलं होकायंत्र बहकतं आणि नकाशावरचा बाण भलतीकडे दाखवतो.

वेल्क्रोचं दुखणं दुहेरी आहे. एक आवाज. दुसरं, दिवाळीच्या आगेमागे गवताला कुसळं धरली की वेल्क्रोच्या आकड्यांत ती अशी बसतात की आठ दिवसांत पट्टी चिकटतच नाही. जाळीच्या खिशांचंही तेच, कुसळ आत शिरतं ते पिळा घेत आतच जातं आणि बाहेर निघतं ते तुमच्या बरगडीवर. उपाय सोपा. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून वेल्क्रो उसवून मोठी चपटी बटणं आणि काज करून घ्या. टिचबटणं नकोत, तीही टकटक करतात. जाळीवर आतून सुती कापडाचं अस्तर. चेनच्या रनरची लोखंडी जीभ काढून जाड दोऱ्याची गाठ बांधली की किणकिण बंद.

मग आवाजाची परीक्षा. जाकीट पूर्ण भरून घाला आणि जागेवर दहा उड्या मारा. जे वाजेल ते कापडात गुंडाळा. बहुतेक वेळा वाजतात त्या किल्ल्या आणि डब्यातला चमचा.

जाकिटावर सॅक चालते, पण गादी काढून. गादी मागं असली की सॅक पाठीपासून चार बोटं लांब राहते आणि सगळा भार मागं ओढतो. गादीची बकलं सॅकच्या तळाच्या पट्ट्यांना लागतात का बघा. नसतील लागत, तर त्याच मापाची दोन बकलं शिवून घ्या. छातीचे खिसे सॅकच्या पट्ट्याखाली येत असतील तर त्यात काही कडक ठेवू नका, बॅटरीचा कोपरा तासाभरात खांद्यात रुततो.

लेन्स हातात किंवा तिरक्या पट्ट्यावर. पट्टा लेन्सच्या पायाला (मोनोपॉड बसतो तो) लावा, बॉडीच्या कड्यांना नको. सव्वादोन किलो बॉडीच्या तोंडावर लोंबकळत ठेवायचे नसतात. पायाचा तो पाव इंची स्क्रू चालताना हळूहळू सैल होतो, म्हणून अर्ध्या तासानं बोटानं पिळून बघा आणि बॉडीच्या कड्यातून एक जादा दोरी पट्ट्याला बांधून ठेवा. स्क्रू निसटला तरी दोरी धरते.

आणि कधी कृष्णेकडे आलात, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात, तर ही खाली बसायची गादी पाण्याच्या काठाला टाकू नका. तिथं मगरी आहेत. काठ सोडून वरच्या बांधावर बसा, कोन थोडा गेला तरी चालेल.

---

भोवत्या

एक गोष्ट कुणीच काढली नाही. अशा जाकिटावर बहुधा शिकारीचा इंग्रजी मजकूर असलेली चकती शिवलेली असते. ती चकती उसवून टाका. जाकीट अंगावर असणं हा गुन्हा नाही, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे, आणि तित्तर-लाव्यांसाठी फासे लावणारे माळावर फिरत असतात. झुडपात दबून बसलेला, अंगावर पानाफुलांचं जाकीट, हातात लांब नळी. गावकऱ्यानं काय समजायचं? जाताना पहिल्या वस्तीवर रामराम करा, कॅमेरा दाखवा, मग आत जा. बरोबर आवाजाची पेटी आली असेल तर ती घरीच राहू दे. आपल्या पक्ष्यांना टर्कीची भाषा कळत नाही, आणि मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणं तर विणीत त्याला त्रास देणंच आहे.

रंगाचं म्हणाल तर पानाफुलांची हिरवी नक्षी आपल्या माळावर जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच शोभते. पुढं सगळं पिवळं-तपकिरी. तेव्हा वर मातकट सुती शर्ट चढवा. फौजी नक्षी तर अजिबात नको. आपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव असलेल्या जिल्ह्यात तशा कपड्यात हिंडलात तर पक्ष्याआधी माणसंच थांबवतील, आणि बरोबरच करतील.

मागच्या खिशात नारिंगी कापडाची पट्टी असेल. मेलेला पक्षी पाठीवरून नेताना दुसऱ्या शिकाऱ्यानं चुकून गोळी घालू नये म्हणून ती असते. तिकडे लाल, पांढरा, निळा रंग अंगावर टाळतात, कारण नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं. आपल्याला पट्टी दिवसभर आत दुमडलेली बरी. संध्याकाळी म्हसवड रस्त्यानं अंधारात गाडीकडे परतताना मात्र बाहेर काढा, ऊसाचे ट्रॅक्टर चालू असले तर नक्कीच.

उन्हाळ्यात आणखी एक. माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की जाळी, गादी काही पसरू नका, आल्या वाटेनं पाय बघून मागं फिरा. तुम्ही तिथं बसलात तेवढा वेळ अंडी उन्हात.

---

येरळाकाठ

चकती उसवली. गादीतून पाणी निघालं, स्पंजच होता. वेल्क्रो आणि बकलांचं काम वडूजला टाकतोय. शेवटचं एक: जाकीट धुवायचं कशात? नवं आहे, दुकानाचा उग्र वास येतोय.

---

कुसळ

वासाची काळजी पक्ष्यांसाठी करू नका, मधमाश्यांसाठी करा. सुवासिक पावडर आणि नीळ दोन्ही टाळा, चमक आणणाऱ्या पावडरीनं कापड उजळतं. साधा कपड्याचा साबण, थंड पाणी, आधी फोम काढून. पिळू नका, सावलीत उलटं टांगा. आणि टांगायच्या आधी सगळे खिसे उलटे करून झटका, तळाच्या शिवणीत कुसळं राहतात.