पंख्याच्या वाटीत चिमणीचं घरटं, अन् वर मे महिना

वर्धेकाठची:
मधल्या खोलीत पंख्याच्या वरच्या वाटीत चिमणीनं घरटं केलं. गवत, कापूस, सासूबाईंच्या लुगड्याचा धागासुद्धा लोंबतो त्यातून. पारा 44 वर, सासूबाई तिथंच झोपतात, तरी त्यांनीच बजावलं, "पंख्याले हात लावायचा नाही." काल एक पिल्लू खाली पडलं. अंगावर पीस नाही, पोटाच्या कातडीतून आतडी दिसत होती. कापसावर ठेवलंय. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लू टाकते म्हणतात, खरं का? अन् पंखा किती दिवस बंद ठेवू?

पराटीवाला:
ताई, खरं नाही ते. आत्ताच घरट्यात ठेवा. अंड्यातून निघाल्यावर साधारण 15 दिवसांत उडतात. बटनावर चिकटपट्टी लावाच. आमच्याकडं पाहुण्यानं बटन दाबलं अन् चिमणी गेली. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

जुना मास्तर:
दूध-पाणी पाजू नका, पिल्लांना अळ्या-किडेच लागतात. उडून गेली की घरटं काढून वाटी छताला भिडवा, नाहीतर ती तिथंच पुन्हा अंडी घालेल. ओसरीत सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी टांगा, सावलीत, मांजर पोचणार नाही अशी.

वर्धेकाठची:
स्टुलावर चढून ठेवलं. दार लोटून तासभर बाहेर बसलो. फटीतून पाहिलं, चिमणी हिरवी अळी घेऊन आली होती! सासूबाईंची खाट ओसरीत आणली, कूलरही.