उंच पण सडपातळ सेंटर: ताकद कशी वाढवावी? सल्ला हवा

समिधा:
माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, उंची ६ फूट ९ इंच, वजन ७८ किलो. बास्केटबॉलमध्ये सेंटर खेळतो, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू. लहान गटांत उंचीच्या जोरावर सहज बास्केट करायचा. आता खुल्या गटात त्याच्यापेक्षा बुटका पण धिप्पाड बचावपटू पाठीला छाती लावून उभा राहतो आणि हा बघता बघता पेंटच्या (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीच्या) बाहेर ढकलला जातो. कोच म्हणतात वजन वाढव. तो म्हणतो, वेग जाईल. ताकदीने खरंच एवढा फरक पडतो का? सुरुवात कुठून करावी?

प्रसाद_क:
पडतो, आणि फार पडतो. शकील ओनीलचंच बघा. उंची ७ फूट १ इंच. त्याच्याएवढे उंच सेंटर त्या काळातही होते, पण त्याला बास्केटच्या तोंडाशी पाय रोवण्यापासून कुणी रोखू शकत नव्हतं. २००० च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनल्समध्ये सामन्यामागे ३८ गुण आणि जवळपास १७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू)!

उलट बाजूला शॉन ब्रॅडली. ७ फूट ६ इंच, पण अंगाने किरकोळ. ब्लॉक भरपूर करायचा, पण आक्रमणात वर्चस्व असं कधी आलं नाही. आणि वेस अनसेल्ड तर जेमतेम ६ फूट ७ इंच, तरी १९६९ मध्ये पहिल्याच हंगामात एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. उंचीमुळे शॉट अडत नाही हे खरं, पण शॉट कुठून घ्यायचा हे ताकद ठरवते.

जुना_सेंटर:
प्रसाद यांच्याशी सहमत, पण 'ताकद' म्हणजे दंड आणि छाती समजू नका. पोस्टमधली, म्हणजे बास्केटजवळ पाठीवर बचावपटू घेऊन होणारी झुंज कमरेखाली चालते. उंच मुलांचा गुरुत्वमध्य आधीच वर असतो, त्यात ती सरळ उभी राहतात. बुटका बचावपटू त्यांच्या मांडीच्या वरच्या भागाला मांडी लावतो, खालून वर रेटतो, आणि टाचा उचलल्या की खेळ संपला.

मुलाला सांगा, पास यायच्या आधी आपण होऊन अंग भिडव. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, बूड बचावपटूच्या मांडीवर टेकलेलं. त्याचा पुढचा पाय आपल्या पायामागे अडकला की तो पुढे येऊन पास तोडू शकत नाही. मात्र सगळा भार मागे टाकून रेलायचं नाही. हुशार बचावपटू अचानक बाजूला होतो आणि आपण जमिनीवर. शिवाय आक्रमण करताना पेंटमध्ये सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून जागा धरायची ती चटकन.

निकोला योकिच बघा. उडी बेताची, शरीर पिळदार म्हणावं असंही नाही. पण एकदा कंबर लावली की समोरच्याला हलवून जागा करतो. २०२१, २०२२ आणि २०२४ चा एमव्हीपी आहे तो.

नेहा_फिजिओ:
वजन वाढवा, पण घाई नको. याओ मिंगसारखा ७ फूट ६ इंचांचा गुणी सेंटर पायाच्या वारंवारच्या दुखापतींमुळे २०११ मध्ये निवृत्त झाला. उंच खेळाडूच्या पावलांवर आधीच भार खूप असतो.

लांब मांड्यांच्या मुलांना पाठीवर बार घेऊन खोल स्क्वॉट जड जातो, पाठ पुढे वाकते. त्याऐवजी छातीशी वजन धरून स्क्वॉट, एका पायावरचे व्यायाम, ट्रॅप बार डेडलिफ्ट (चौकटीसारख्या बारच्या मध्ये उभं राहून वजन जमिनीवरून उचलणं) आणि कोअरसाठी, म्हणजे पोट-कमरेच्या स्नायूंसाठी प्लँक. सगळं जाणकार प्रशिक्षकासमोर. आधी ढब पक्की होऊ दे, मग वजन वाढवा. सोबत पोटभर जेवण आणि झोप हवीच. गुडघ्याच्या वाटीखाली दुखलं तर उड्या कमी करून तपासून घ्या.

समिधा:
खूप आभार सगळ्यांचे. वेगाचं काय पण?

नेहा_फिजिओ:
पायांची ताकद वाढली तर पहिली पावलं उलट जास्त जोरकस पडतात. वेग जातो तो नुसती चरबी चढल्यामुळे.

प्रसाद_क:
आणि सडपातळ शरीर म्हणजे सगळं संपलं असंही नाही. चेट होल्मग्रेन ७ फूट १ इंच, शिडशिडीत, तरी २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी संघासोबत एनबीए विजेता ठरला. पण त्याच्या जोडीला हार्टेनस्टाइनसारखा दणकट सेंटर होता, हे विसरू नका. तुमच्या मुलाच्या संघात असा कुणी आहे का? असला, तर ताकद येईपर्यंत कोचना दोघांना एकत्र खेळवायला सांगून बघा.

जुना_सेंटर:
एक नोंद ठेवा. सामन्यात त्याला पास बास्केटपासून किती लांब मिळतो, तेवढंच लिहा. गुणांपेक्षा आधी तो आकडा सुधारेल.